तुझा कॅमेरा, माझी सवय

शिवा, मी तुझं तोंड काळं केलं.

शिवी देत नाही. भांडण तापलं की "जा, तोंड काळं कर तिकडं" असं तूच मला म्हणायचास, मी फोन आपटायचो आणि दोन दिवसांनी आपणहून लावायचो. या खेपेला मात्र ते शब्दशः झालंय. तुझ्या मातीच्या दिवशी मी जे शूटिंग केलं, त्यात तुझा चेहराच नाही. तुम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून सजवलेल्या विमानातून नेतात. ते विमान दिसतं, झेंडूच्या माळा दिसतात, खांदा देणाऱ्यांचे घामानं चिकटलेले सदरे दिसतात, वर लातूरचं दुपारचं आभाळ दिसतं. आणि मधोमध, जिथं तू बसलेला आहेस, तिथं हार आहे, खांदे आहेत, आणि चेहऱ्याच्या जागी अंधार आहे. अकरा दिवस मी नांदेडला माझ्या एडिटिंगच्या खोलीत त्या अंधारासमोर बसून काढले.

हे तुलाच सांगायला पाहिजे. दुसऱ्या कुणाला सांगावं तर निम्मा वेळ शटर म्हणजे काय हे समजावण्यातच जाणार. उमरीला माझ्या चुलत्याला सांगून बघितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग नवं शटर बसवून टाक की दुकानाला."

तुझ्या घरी तरी काय वेगळं होतं? पुण्याहून कॅमेऱ्याचं शिकून आलास तेव्हा तू उठता-बसता रोलिंग शटरवर बोलायचास. लातूरच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान, आणि पोरगा जेवताना शटरची निंदा करतोय. तुझ्या वडलांनी, आप्पांनी, चार दिवस ऐकलं, पोक्त विचार केला आणि एमआयडीसीत लोखंडी शटर बनवणाऱ्या त्यांच्या मित्राकडे जाऊन शब्द टाकून आले. "पोराला शटरचा लई नाद हाय, शिकवा जरा." मी पहिल्यांदा तुझ्याकडे आलो तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुमी बी शटरच्याच लाइनीत का?"

मी हाव म्हणालो. खोटं काय होतं त्यात?

"मग त्ये ग्लोबल शटर म्हंजे फॉरेनचं का?"

तू दाराआड हसून हसून खाली बसला होतास. पण पुढे एकदा तू त्यांना नीट सांगितलंस, तेव्हा आप्पा एका वाक्यात म्हणाले, "म्हंजे एक शटर वरून खाली सरकत येतंय, अन् दुसरं एकदम पडतंय." पुण्याच्या मास्तरांनाही इतकं सरळ सांगता आलं नव्हतं, असं तूच म्हणालास.

मला तू पंगतीवरून समजावलं होतंस. पंगतीत वाढपी एका टोकापासून निघतो. शेवटच्या पानावर भात पडेपर्यंत पहिल्या पानावरचा माणूस चार घास खाऊन मोकळा झालेला असतो. माझा कॅमेरा तसा. चित्राची वरची ओळ आधी वाचतो, खालची शेवटी, आणि तेवढ्यात समोरचं काही हललं की ते चित्रात वाकतं. तुझ्या कॅमेऱ्यात सगळ्या पानांवर एका क्षणात वाढलं जायचं. पण ते वाढलेलं राखायला प्रत्येक पानाशेजारी एक झाकलेली वाटी ठेवावी लागते, आणि वाटीला जागा द्यायची तर पान लहान करावं लागतं. लहान पानात उजेड कमी मावतो. ऊन जरा वाढलं की सगळं पांढरं, आणि सावली जरा गडद झाली की सगळं काळं. उन्हातलं आणि सावलीतलं एकाच वेळी धरून ठेवायच्या ताकदीला आपण रेंज म्हणायचो. माझ्या कॅमेऱ्याला ती होती. तुझ्याला कमी होती, आणि मी तुला सोडायचो नाही. "शिवा, रेंज न्हाई तुझ्या डब्याला, गच्चीवर जाऊन बघ," असं मी चारचौघांत म्हणायचो आणि तू खवळायचास. आता दोन्ही बऱ्यापैकी देणारे कॅमेरे येऊन राहिलेत म्हणतात. आपल्या दोघांच्या पिशव्यांत ते नव्हते.

आपली गाठच या भांडणातून पडली. रेणापूरचं लग्न. नवरी उमरीची म्हणून त्यांच्याकडून मी, नवरदेव रेणापूरचा म्हणून त्यांच्याकडून तू, आणि दोघेही एकमेकांच्या चौकटीत कोपर घालतोय. जेवणं झाल्यावर तू न विचारता माझ्या कॅमेऱ्यात डोकं घातलंस. वरातीतला हलगीवाला बघून म्हणालास, "काय रं, तुमच्या नांदेडात हलगी रबराच्या काडीनं वाजवतेत का?" खरंच, त्याच्या हातातली काडी माझ्या चित्रात वळवळत होती. मग मी तुझं बघितलं. काडी सुरीसारखी सरळ. पण छत्रीखाली घोड्यावर बसलेला नवरदेव? "आन् तुमच्या लातुरात नवरदेव बिनतोंडाचाच आणतेत का?" मी म्हणालो. तू आधी चिडलास, मग हसलास, मग मला तुझ्या ताटातली जिलेबी दिलीस. तिथून पुढे किती लग्नं आपण मिळून केली, मोजलं नाही.

तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. रेंजवर मी एवढा का अडून बसायचो, ती. तुला वाटायचं या नाम्याला सुंदर आभाळ आवडतं. आभाळाचं मला काय पडलंय? माझ्या मायचा एकही धड फोटो नाही, शिवा. ती रानात राबलेली, काळीसावळी, डोक्यावरून पदर घेणारी. लग्नाकार्यात जे काही फोटो निघाले ते सगळे भर उन्हात. त्यात पांढरी टोपी घातलेले माझे काका दिसतात, भिंतीचा चुना दिसतो, मायची हिरवी साडी दिसते आणि पदराखाली नुसता काळा खड्डा. ती गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो पाहिजे होता तर मतदानाच्या कार्डावरचा मोठा करून घेतला. त्यात ती ओळखू येत नाही. तेव्हापासून माझं एकच म्हणणं: आपल्याकडची माणसं अशी, आपल्याकडचं ऊन असं, तर सावलीतला माणूस दिसला पाहिजे, मग काड्या वाकोत नाहीतर खांब वाकोत. हे तुला एकदा सांगितलं असतं तर तू गप्प बसला असतास. म्हणूनच सांगितलं नसेल. भांडण संपावं असं मला वाटत नव्हतं.

मग माहूर. आपला सिनेमा. रेणुकेच्या पायऱ्यांशी तांबूल कुटून विकणारी एक बाई आणि तिचा एक दिवस, एवढंच आपल्याकडे होतं, पण त्यावर आपण वर्षभर बोलत होतो. जागा बघायला दोन्ही कॅमेरे घेऊन गेलो. घाटातून जीपमधून शूट केलं तर माझ्या चित्रात विजेचे खांब सगळे एका अंगाला कललेले, जणू माहूरला भूकंप झालाय. तुझ्या चित्रात खांब ताठ, आणि आभाळ धुतलेल्या पाटीसारखं कोरं. वर गेल्यावर कौसाबाई भेटल्या. ताडपत्रीच्या सावलीत बसून खलबत्त्यात पानं कुटत होत्या, हात असा चालत होता की बघत राहावं.

"काय करून राहिले रे बाबू तुमी?" त्यांनी विचारलं.

"तुमचा सिनेमा काढायचाय, आजी."

"मले इचारलं का?"

आपण दोघांनी एकदमच माफी मागितली. मग त्यांनी परवानगी दिली, आपण पाच-पाच मिनिटं काढलं आणि दोन्ही त्यांना दाखवलं. आधी माझं बघितलं. "यात मी हाये," म्हणाल्या, "पण बत्त्याले काय झालं? कधी लांब, कधी आखूड." मग तुझं बघितलं. बराच वेळ बघितलं. "बत्ता बराबर हाये. पण मी कुठं हाये?"

तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. माझंही फार बरं नसेल. कौसाबाईंनी आपल्या हातावर तांबूल ठेवला आणि म्हणाल्या, "दोघं मिळून एक धड घ्या ना." तिथंच सगळं मिटायला हवं होतं.

मिटलं नाही. उतरताना जीपमध्ये तू मला शांतपणे सांगत होतास, आणि ते शांतपणे सांगणंच आता मला छळतंय. "नाम्या, माझ्या कॅमेऱ्यानं आजी दिसत्यात. तू नीट बघ. मी आज चूक केली, मी तुझ्यासारखं केलं. तू काय करतूस, आभाळ वाचवतूस, अन् माणूस मागनं एडिटिंगला उजळतूस. तुझ्या कॅमेऱ्यात सावलीत माल असतो म्हणून ते चालतंय. माझ्यात मागनं काय बी निघत न्हाई. हितं चेहऱ्यावरचा उजेड मीटरनं मोजायचा अन् आभाळाला जाऊ द्यायचं. जळू दे आभाळ. माणूस आधी." मी खिडकीबाहेर बघत "हं" म्हणालो. मला वाटलं, हरायला लागलाय म्हणून पळवाट काढतोय.

आपलं शेवटचं भांडण फोनवर झालं. सिनेमाचा कॅमेरा ठरवायचा होता. मी म्हणालो, "तुझ्या त्या डब्यानं काढायचा असंल तर दुसरा माणूस बघ." तू म्हणालास, "बघतो." बस. तोंड काळं कर म्हणाला नाहीस. म्हणाला असतास तर मी दोन दिवसांनी फोन केला असता. तू नुसतं "बघतो" म्हणालास, तेव्हा मला कळायला पाहिजे होतं की आज याला खरंच लागलंय. कळलंही असेल. मी तीन आठवडे फोन केला नाही. तूही केला नाहीस. मग आप्पांचा आला.

"नामदेव, शिवा लिंगैक्य झाला. ये."

एवढंच बोलले. लोहा मागे पडलं, अहमदपूर मागे पडलं, मला रस्ता आठवत नाही. घरी पोचलो तेव्हा तुला अंगणात बसवलेलं होतं, सुमनवहिनी जवळ होत्या, समोर भजनी मंडळाचे टाळ. आप्पांनी सगळ्यांना दटावलं होतं, "मोबाइल खिशात ठेवा. तमाशा न्हाई मांडायचा." फक्त एक फोन चालू होता, तुझ्या पुतण्याच्या हातात, गिरिजाला लावलेला. तुझी लेक तिकडे आयर्लंडला दवाखान्यात ड्यूटीवर, तिचे व्हिसाचे कागद नवे करायला गेलेले, निघाली तर परत जाता येईना, आणि निघाली असती तरी माती काय थांबणार होती? गल्लीत एवढी माणसं, सगळ्यांचे फोन एकाच टॉवरवर. तिला नुसते चौकोन दिसत होते. ती फोनमधून ओरडत होती, "बाबा दिसेनात! जरा पुढं धरा!" आणि पुतण्या फोन आणखी पुढे धरत होता, जणू अंतराचाच प्रश्न होता.

आप्पांनी माझा दंड धरला. "नामदेव, तू काढ. पोरीला बाप दिसला पायजे."

माझा कॅमेरा माझ्या खांद्यावर होता, शिवा. पिशवी उघडायची होती फक्त. भर दुपार, विमानाच्या लाल कापडी छताखाली सावळा माणूस, बाहेर आग ओतणारं ऊन. ज्या कामासाठी मी आयुष्यभर त्या कॅमेऱ्याची बाजू घेतली, नेमकं तेच काम समोर होतं. आणि मी तुझ्या खोलीत गेलो, कपाट उघडलं आणि तुझा कॅमेरा काढला.

का, म्हणून विचारशील. तीन आठवडे न केलेला फोन मी त्या वेळी करत होतो. तू जिंकलास, असं तुला कळावं म्हणून. मेलेल्या माणसाला असं कळत नसतं हे मला ठाऊक आहे. तरीही.

आणि एवढं करून घेतला तुझा कॅमेरा, चालवला माझ्या सवयीनं. डोळ्यांना पाणी होतं, आणि बोटांनी जे वर्षानुवर्षं केलं तेच केलं: आभाळ वाचवलं. छताबाहेरचं ऊन जळू नये म्हणून उजेड आवळत गेलो. चेहरा काळा दिसत होता पडद्यावर, दिसत होता मला, आणि मी मनात म्हणालो, मागनं उजळू. जीपमध्ये तू शब्द न् शब्द सांगितलं होतंस. तुझा कॅमेरा वाईट नव्हता. मी त्याला कधी तुझ्या पद्धतीनं हातात घेतलंच नव्हतं, इतकी वर्षं, एकदाही.

नांदेडला येऊन उजळायला बसलो. पहिल्या दिवशी वाटलं जमेल. सावली वर ओढली की तुझा चेहरा येत नव्हता, ठिपके येत होते. करडे, जांभळे, सतत हलणारे. तुझ्या गालांवरून, नाकावरून मुंग्या फिराव्यात तसे. मी घाईघाईनं पुन्हा काळोख करून टाकला. ते बघवत नव्हतं. पुसायची जेवढी हत्यारं आहेत तेवढी वापरली, तर मुंग्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर नाक-डोळेही गेले. मेणाचा माणूस झालास. खांदेकऱ्यांच्या कडा मात्र काय सुंदर सरळ आल्यात. टाळ वाजवणाऱ्यांचे हात बघ, एकही वाकडा नाही. तू असतास तर बोट ठेवून दाखवलं असतंस.

गिरिजाचा फोन तिसऱ्या दिवशी आला. "काका, झालं का?" मी म्हणालो, काम चालू हाय. पाचव्या दिवशी पुन्हा आला. "काका, बाबांचे डोळे मिटलेले होते ना?" मी लगेच म्हणालो, "हाव गं, झोपल्यासारखा होता." हे मी बघितलेलं नव्हतं. अंगणात मी तुझ्या चेहऱ्याकडे सरळ बघूच शकलो नव्हतो, आणि चित्रात तो नव्हता. मी तिला जे सांगितलं ते मला हवं होतं म्हणून सांगितलं.

नवव्या दिवशी एकेक चौकट सरकवत बघत होतो. तुझ्या दुकानाच्या वळणावर एक माणूस गर्दीतून पुढे घुसला होता, कुठल्याशा पेपरचा असावा, गळ्यात कॅमेरा. त्यानं फ्लॅश उडवला आणि आप्पा गरजले, "ए! फोटो न्हाई!" तो चपापून गर्दीत नाहीसा झाला. मी नंतर चौकशी केली, कुणालाच तो सांगता आला नाही. पण त्याचा तो फ्लॅश तुझ्या कॅमेऱ्यानं एका चौकटीत पकडला होता. आधीच्या चौकटीत काळोख, नंतरच्या चौकटीत काळोख, आणि मधल्या एकीत तू. पुरता. माझ्या कॅमेऱ्यात हाच फ्लॅश ओळीओळीनं चिरला गेला असता, कपाळ उजळलं असतं आणि हनुवटी अंधारात राहिली असती. तुझ्यात एकदम वाढलं जातं ना. छतापासून मांडीपर्यंत सगळा माणूस एका क्षणात आला.

मला आनंद झाला असं लिहायला मन होतं. झाला नाही. फ्लॅशचा उजेड दयामाया करत नाही. जबडा पांढऱ्या फडक्यानं डोक्याशी बांधलेला. गाल उतरलेले, ओठांना रंग नाही. आणि डावा डोळा अर्धवट उघडा. झोपल्यासारखा नव्हतास तू. मेल्यासारखा होतास. मी खुर्चीवरून उठून बाहेर गेलो, टपरीवर चहा सांगितला आणि तो तसाच ठेवून परत आलो.

आता काय करायचं, सांग. अंधार पाठवला तर तिला बाप दिसत नाही. ही चौकट पाठवली तर बाप असा दिसतो, आणि काका खोटं बोलला हेही दिसतं. दोन दिवस मी त्या डोळ्याशी खेळत बसलो. पापणी खाली ओढून बघितली. जमत होतं. फडकं पुसून बघितलं, तेही जमत होतं. ओठांवर जरा रंग. आणखी थोडा वेळ बसलो असतो तर तुला हसवलंही असतं. मग मला तुझा आवाज ऐकू आला, म्हणजे आला असं नाही, तू काय म्हणाला असतास ते कळलं, आणि मी सगळं पुसून मूळची चौकट तशीच ठेवली.

आज सकाळी मीच गिरिजाला फोन लावला. सगळं सांगितलं. कपाटातला कॅमेरा, माझी सवय, मुंग्या, फ्लॅश. डोळ्याचं सांगताना अडखळलो. "मी तुला खोटं सांगितलं, बाई. डोळा थोडा उघडा होता. आन् चेहरा... तो चांगला न्हाई दिसत. न्हाई बघितलास तरी चालंल. तुझ्या मनात जसा हाय तसा राहू दे."

तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "काका, माझं कामच हाय हे. आठवड्यातनं दोन-तीन माणसं माझ्यासमोर जातात. मीच त्यांचे चेहरे पुसते. बाबांचा तेवढा राहिला. पाठवा तुमी."

पाठवली. फोन कानाला तसाच. तिकडे कुठल्यातरी यंत्राचा बारीक पीं-पीं आवाज येत होता, कुणीतरी इंग्रजीत हसत गेलं. चौकट पोचल्याची खूण माझ्या पडद्यावर उमटली. मी वाट बघत होतो की आता हुंदका येईल, आणि आला तर मी काय बोलणार?

"डोळा असा ऱ्हातो कधी कधी," ती हळूच म्हणाली. "त्याचं काय न्हाई." ती अजून चौकटच बघत होती. "काका, कपाळावरचं भस्म वाकडं दिसायलंय. तीन पट्टे असतात ना, उजवीकडं सगळे खाली घसरलेत. हे कॅमेऱ्यानं झालंय का?"

मी चौकट मोठी करून बघितली. दोन दिवस मी त्या चेहऱ्याच्या पापणीपापणीशी झटत होतो आणि हे मला दिसलं नव्हतं. कसं दिसेल? ते मीच लावलं होतं. तुला विमानात बसवायच्या आधी विधीला आलेल्या स्वामींनी भस्माची वडी पुढं केली, आप्पांनी हात उचलला, तो कपाळापर्यंत जाईना. त्यांनी ती वडी माझ्या हातात दिली. मी म्हणालो, आप्पा, मी तुमच्यातला न्हाई. "लाव," म्हणाले, "भाऊच हायेस त्याचा." मी बोटं ओली करून तुझ्या कपाळावर टेकवली. कपाळ गार होतं. डोळे मिटून मी बोटं ओढली आणि मागे सरलो.

गिरिजाला हो म्हणता आलं असतं. कॅमेऱ्यानंच वाकडं केलं म्हणालो असतो तर तिला पटलंही असतं, लहानपणापासून तिनं घरात तेच ऐकलंय.

"न्हाई गं," मी म्हणालो. "तुझ्या बाबाच्या कॅमेऱ्यात कायबी वाकडं येत न्हाई. भस्म मी लावलं. माझा हात हालला. थांब, मी करतो नीट, दोन मिनिटांचं काम हाय."

"नको काका," गिरिजा म्हणाली. "तुमचा हात ऱ्हाऊ द्या तिथं."